विमा पॉलिसीतले शब्द साध्या मराठीत : ज्याला जे माहीत ते लिहा

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

आई-बाबांच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण आलंय. दोघंही साठीपुढचे. इतकी वर्षं नवी पेठेतले एक ओळखीचे एजंट सगळं बघायचे. त्यांनी काम थांबवलं आणि पॉलिसीची पीडीएफ माझ्याकडे आली. पानंच्या पानं. मला इंग्रजी येतं, पण हे इंग्रजी येत नाही.

ठळक दिसलेले शब्द असे: सम इन्शुअर्ड ५ लाख (फ्लोटर), रूम रेंट १ टक्का, को-पे २० टक्के, पीईडी वेटिंग, सब-लिमिट, रिस्टोअर, क्युम्युलेटिव्ह बोनस. व्याख्या शोधल्या की सापडतात, त्या नकोत. बिल हातात आल्यावर या शब्दापायी माझ्या खिशातून किती जातात तेवढं सांगा.

गाडी, आयुर्विमा, पीक विमा, कारखाना, काहीही चालेल. फक्त 'कुठली कंपनी चांगली' हा विषय इथे नको, त्याचे धागे ढिगाने आहेत.

कडक_भाकरी

शहरातल्या एका हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर (जिथे बिल कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते) मी काही वर्षं बसायचे, त्यामुळे लोक कुठल्या शब्दाला चिडतात ते पक्कं माहीत आहे. सगळ्यात जास्त भांडणं 'रूम रेंट'वरून. लोकांना वाटतं, खोली महाग घेतली तर फक्त खोलीचा फरक भरायचा. तसं नसतं.

तुमच्याच पॉलिसीवर हिशेब करू. सम इन्शुअर्ड म्हणजे कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त देईल ती रक्कम. ५ लाखांचा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० रुपयांची खोली चालते. आईंना तुम्ही ८,००० च्या खोलीत ठेवलं, चार दिवस. खोलीचे ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला इम्प्लांट ७८,०००. एकूण २,७०,०००.

आता कंपनी म्हणते, पात्रता ५,००० ची आणि घेतली ८,००० ची, म्हणजे साडेबासष्ट टक्के. हाच टक्का डॉक्टरांच्या आणि थिएटरच्या बिलालाही लागतो. खोलीचे मंजूर २०,०००. त्या १,६०,००० मधले मंजूर १ लाख. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावायची नाही असा विमा प्राधिकरणाचा नियम आहे, म्हणून ७८,००० पूर्ण. झाले १,९८,०००. खोलीतला फरक होता १२,००० चा आणि गेले ७२,०००.

थांबा, तुमचा को-पे राहिला. मंजूर रकमेतले २० टक्के तुमचे, म्हणजे आणखी ३९,६००. हातात १,५८,४००, खिशातून १,११,६००. शिवाय ग्लोव्हज, मास्क, सोयी-सुविधांच्या नावाखाली जे जे लागतं ते वेगळं. ते बहुतेक पॉलिसींत बसत नाही, 'कन्झ्युमेबल्स'चं जोडकव्हर घेतलेलं असेल तरच मिळतं.

याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. आयसीयूच्या खर्चाला ते लागत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथेही लावता येत नाही. लहान हॉस्पिटलांत हा मुद्दा आवर्जून काढा, कारण तुम्ही काढला नाहीत तर दुसरं कुणी काढणार नाही.

पार्क_चौक

काय करलालाव बे सगळे, रविवारी सकाळी सकाळी विमा? :)

बरं, एक विचारतो. को-पे आणि डिडक्टिबल एकच ना? आमच्या एजंटानं दोन्ही एकाच दमात सांगितलं.

कडक_भाकरी

नाही हो दादा. को-पे म्हणजे प्रत्येक दाव्यात ठरलेला टक्का तुमचा, बिल २० हजारांचं असो की २ लाखांचं. डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम तुमची आणि कंपनी त्याच्या वर सुरू होते. घरात दुसरी पॉलिसी असेल तर डिडक्टिबलवाली स्वस्तात घेता येते. को-पे मात्र म्हातारपणी खरा टोचतो. मोठं ऑपरेशन निघालं की त्या २० टक्क्यांचे सहज लाखभर होतात.

सब-लिमिट त्याहून सोपं. मोतीबिंदूला ४०,००० असं लिहिलं असेल तर सम इन्शुअर्ड ५ लाख असो की ५० लाख, मिळणार ४०,०००. आई-बाबांच्या वयात मोतीबिंदू, गुडघे आणि हर्निया या तीन ओळी आधी शोधा.

जुळे_सोलापूरकर

ताई, हा हिशेब बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "मग मला जनरल वॉर्डातच टाक."

फ्लोटर आणि रिस्टोअरचं पण सांगा ना.

पार्क_चौक

बाबा भारी आहेत.

विमावाले_काका

सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

फ्लोटर म्हणजे दोघांत मिळून एकच ५ लाख. एकाचे ४ लाख खर्च झाले तर त्या वर्षी दुसऱ्याला १ लाख उरतो. ती रक्कम संपली की कंपनी पुन्हा भरून देते, ते रिस्टोअर. मात्र काही पॉलिसींत त्याच माणसाला त्याच आजारासाठी ते वापरता येत नाही, तेवढी ओळ वाचा. क्युम्युलेटिव्ह बोनस म्हणजे दावा न केलेल्या वर्षानंतर हप्ता तोच राहून संरक्षण वाढतं. दावा केला की ते बहुधा खाली येतं.

आता वेटिंग पीरियड. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्ही एकत्र कालवतात. नवी पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा चालत नाही. अपघाताला ही अट नाही. दुसरं, ठराविक आजारांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, सांधेबदल वगैरे. बीपी-शुगर नसलेल्या धडधाकट माणसालाही ती लागू. तिसरं पीईडी, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार. त्यासाठी थांबायची मुदत पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असायची, २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त ३६ महिने केली. यादीतल्या आजारांनाही कमाल ३६ च.

हे सगळं पॉलिसी सलग चालू असेल तर. नूतनीकरणाची तारीख आणि त्यापुढची सवलतीची मुदतही गेली की घड्याळ शून्यावर. कंपनी बदलायची असेल तर पॉलिसी तोडून नवी घेऊ नका, पोर्ट करा, म्हणजे काढलेली वर्षं मोजली जातात. त्यासाठी नूतनीकरणाच्या निदान दीड महिना आधी हालचाल करा. शेवटच्या आठवड्यात जागे होणाऱ्यांना कुणी दारात उभं करत नाही.

मोरेटोरियम हा शब्दही पीडीएफमध्ये असेल. सलग ६० महिने झाले की 'तुम्ही आजार लपवला होता' म्हणून दावा नाकारता येत नाही. कंपनीनं फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. पूर्वी हीच मुदत ८ वर्षांची होती.

शेंगाचटणी

काका, पण फॉर्म तर एजंट भरतो. आमच्या काकांच्या फॉर्मवर सगळ्या आजारांपुढे 'नाही', आणि ते रोज सकाळी बीपीची गोळी घेतात. सही मात्र त्यांचीच. मग दोष कुणाचा?

विमावाले_काका

सही ज्याची त्याचा. कटू आहे, पण कागदावर तसंच आहे. प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते, ती ताबडतोब बघायची. नवी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो. पटली नाही तर परत करता येते, थोडीफार वजावट होऊन पैसे मिळतात. तुमच्या काकांचे ते दिवस गेले असतील तर कंपनीला लेखी कळवा की बीपी आहे, अमुक सालापासून आहे. हप्ता वाढवतील, त्याला लोडिंग म्हणतात. अगदी टोकाला पॉलिसीही बंद करतील. पण आज कळवलेलं बरं. आयसीयूबाहेर उभं राहून 'किती वर्षांपासून गोळी चालू आहे' याचं उत्तर शोधायची वेळ येऊ देऊ नका. तिथे केसपेपरवर डॉक्टर खरंच लिहितात आणि कंपनी तोच कागद वाचते.

टॉवेलवाला

धागा म्हटल्यावर मी सुताचा समजून आलो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची शेड आहे. यंत्रमागवाल्यांनी एक शब्द पाठ करावा: अंडरइन्शुरन्स, किंवा अॅव्हरेज. शेडमध्ये माग, सूत, तयार टॉवेल मिळून माल ४० लाखांचा. हप्ता वाचवायला विमा काढला २० लाखांचा. आग लागली, नुकसान ८ लाखांचं. माणूस म्हणतो, माझा विमा २० चा आणि नुकसान ८ चं, म्हणजे ८ मिळणार. मिळतात ४. कारण निम्म्याच मालाचा विमा होता, मग भरपाईही निम्मी. आमच्या भागात हे ऐकून माणसं सर्व्हेयरच्या (नुकसान मोजायला येणाऱ्याच्या) अंगावर गेलेली पाहिली आहेत. त्यात सर्व्हेयरचा काही दोष नसतो.

एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या जोखमीला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. म्हणजे ४० लाखांच्या मालाला ३४ लाखांचा विमा असेल तरी कात्री नाही. घरासाठी त्याच वेळी 'भारत गृह रक्षा' आली, तिच्यात ही कात्रीच नाही.

दुसरा शब्द रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू. जुना माग जळाला तर त्या जातीचा नवा घ्यायला जे लागतं ते मिळतं. पण त्यासाठी विम्याची रक्कमही नव्याच्या भावानं लिहिलेली हवी. विमा भंगाराच्या भावानं आणि भरपाई नव्याच्या, असं दोन्हीकडून गोड होत नाही. आणि कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेची उचल) असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. चेक आधी तिकडे जातो.

सीझनला गोदाम भरलेलं असताना रक्कम वाढवून घ्यायची असते. आम्ही सगळे ते विसरतो, कारण तेव्हाच ऑर्डरी असतात.

सात_रस्ता

गाडीचं पटापट. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. हप्ता कमी दिसावा म्हणून ऑनलाइन लोक आयडीव्ही खाली ओढतात, मग रडतात. झिरो डेप (घसारा न कापणारं जोडकव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारी, कायद्यानं सक्तीची, पण त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीला एक रुपया नाही.

एनसीबी म्हणजे दावा न केल्याची सूट. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. जुनी विकून नवी घेताना प्रमाणपत्र मागून घ्या. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर सगळी जाते. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी ५० टक्क्यांची सूट उडवणारे बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट मारू नका. त्यातून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं लागतं.

सीनाकाठ

पाण्याचा विषय निघालाच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं काय केलं ते माढा-मोहोळकडच्या कुणालाही विचारा. तेव्हापासून गावात एकच प्रश्न: माझं रान डोळ्यांदेखत गेलं, मग पीक विमा माझ्या रानावरून का नाही ठरत?

उत्तर 'उंबरठा उत्पन्न' या शब्दात आहे. आपल्या महसूल मंडळाचं मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न धरतात, त्याला जोखीमस्तराचा टक्का (त्यातला किती भाग हमीचा, ते) लावतात, आणि जे येईल ते उंबरठा. मग त्या हंगामात मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून उत्पन्न मोजतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि प्रयोगात आले ६. तूट ४० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर २०,००० मिळतील, मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात. प्रयोगात ११ आले तर कुणालाच नाही, तुमच्या बांधात कमरेएवढं पाणी असलं तरी.

पूर्वी स्थानिक आपत्तीचा वेगळा पंचनामा व्हायचा, ७२ तासांत कळवायचं असायचं. राज्यानं २०२५ च्या खरिपापासून तो भाग काढला आणि फक्त उत्पन्नावर आणलं. एक रुपयातला विमाही तेव्हाच संपला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत आपला वाटा. म्हणजे पैसे जास्त भरायचे आणि मिळण्याची एक वाट बंद. मी तरी याला सुधारणा म्हणणार नाही.

डाळिंबवाल्यांचं वेगळं असतं. फळपीक विमा हवामानावर आहे. मृग की आंबिया, बहार निवडायचा, आणि मंडळातल्या हवामान केंद्रानं ठरलेल्या मर्यादेबाहेर पाऊस, कोरडे दिवस किंवा आर्द्रता नोंदवली तर भरपाई. झाडावर फळ आहे की नाही हे बघायला कुणी येत नाही. केंद्र लांब असलं तर तुमच्याकडचा पाऊस त्याच्या हिशेबात नाही.

शेंगाचटणी

माझा आयुर्विम्याचा प्रश्न. आईनं विड्या वळून वळून एक पॉलिसी भरत आणलीय, आता नको झालीय. एजंट म्हणतो "सरेंडर केलीस तर काहीच मिळणार नाही." खरं का?

विमावाले_काका

'काहीच नाही' हे खरं नाही. मधेच मोडल्यावर मिळते ती सरेंडर व्हॅल्यू. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल तरी काहीतरी परत मिळण्याची तरतूद आहे. जुन्या पॉलिसीला तिच्या कागदावरच्या अटी लागतात. तिथे बहुधा दोन-तीन वर्षं हप्ते भरलेले लागतात. सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेल्यापेक्षा बरंच कमी हातात येतं, तेवढं एजंटाचं खरं.

मधला मार्ग पेड-अप. हप्ते थांबवायचे, पॉलिसी कमी रकमेवर चालू राहते आणि मुदत संपल्यावर पैसे मिळतात. कंपनीच्या शाखेत जाऊन दोन्ही आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती आणि पेड-अप केली तर शेवटी किती. मग ठरवा. हप्ता नुसता चुकला असेल तर सवलतीचे दिवस असतात, मासिक हप्त्याला १५, बाकीच्यांना ३०. त्या काळात मृत्यू झाला तरी दावा चालतो.

आईंच्या बचत खात्याचं पासबुकही बघा ताई. मेअखेरीस ४३६ आणि २० रुपये कापल्याची नोंद आहे का? ४३६ म्हणजे जीवन ज्योती, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. जीवन ज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं, सुरक्षा विमा सत्तरीपर्यंत. कितीतरी घरांत माणूस गेल्यावर हे पैसे मागितलेच जात नाहीत, कारण ते कापले जात होते हेच घरच्यांना ठाऊक नसतं.

टॉवेलवाला

काका, नॉमिनीचं सांगा. आमच्याकडे यावरून भावकी कोर्टात आहे.

विमावाले_काका

२०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर कायदा त्याला लाभार्थी नॉमिनी म्हणतो, पैसे त्याचेच. भाऊ, पुतण्या, मित्र असेल तर तो फक्त पैसे स्वीकारणारा, पुढे वारसांना द्यायचे. तरी भांडायचं ठरवलेले वारस कोर्टात जातातच, ते कुणी थांबवू शकत नाही. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून आईचं नाव असेल आणि ते बदलायचं मनात असेल तर फॉर्म एका पानाचा आहे.

डोक्यावर व्यवसायाचं कर्ज असणाऱ्यांनी टर्म पॉलिसी घेताना एमडब्ल्यूपी (विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या) कायद्याखाली घेण्याचा विचार करावा. कायदा १८७४ चा आहे. ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव राहते, सावकार किंवा बँक तिच्यावर हात टाकू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, नंतर होत नाही.

पार्क_चौक

मी तर आई-बाबांना ५ लाखांवर ५ लाखांचा टॉप-अप घेऊन टाकलाय. स्वस्तात झालं.

कडक_भाकरी

टॉप-अप की सुपर टॉप-अप, ते बघा आधी. डिडक्टिबल ५ लाख आहे. एका वर्षात दोनदा ॲडमिट, दर वेळी बिल ४ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, कुठलंच ५ च्या वर गेलं नाही, देणार शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, ८ लाख झाले, वरचे ३ देतो. वयस्कर माणसांचं एका वर्षात दोनदा-तीनदा ॲडमिट होणंच जास्त असतं.

पार्क_चौक

नुसता टॉप-अप आहे. बघतो उद्या फोन करून.

जुळे_सोलापूरकर

आमच्या हप्त्यात एक ओळ कमी दिसतेय. मागच्या वर्षी १८ टक्के जीएसटी होता, यंदा शून्य. चुकून राहिला का?

सात_रस्ता

नाही. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, फ्लोटरही त्यात आला. कंपनीतर्फे मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीला ही माफी नाही.

शेंगाचटणी

आणि कॅशलेस नाकारलं तर सगळं संपलं का?

कडक_भाकरी

अजिबात नाही. कॅशलेस नाकारणं आणि दावा नाकारणं वेगळं. कागद अपुरे म्हणूनही कॅशलेस अडतं. बिल भरा, सगळे मूळ कागद ताब्यात घ्या आणि नंतर रीइंबर्समेंट मागा. नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकारलं तर ते कंपनीनं भरायचं. प्रत्यक्षात हॉस्पिटलच कागद दुपारी दोनला पाठवतं आणि शिव्या टीपीएला बसतात. टीपीए म्हणजे कंपनीनं कागद तपासायला नेमलेली मधली संस्था. दावा मंजूर-नामंजूर करायचा अधिकार कंपनीचा, म्हणून पत्रव्यवहार कंपनीशीच करा.

विमावाले_काका

दावाच नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. सोलापूरला पुण्याचं कार्यालय लागतं. ५० लाखांपर्यंतचे दावे, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत. प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

जुळे_सोलापूरकर, तुम्ही सगळी पानं वाचत बसू नका. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं. रूम रेंट, को-पे, सब-लिमिट, वेटिंग सगळं त्यात थोडक्यात असतं. आणि मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायचं आहे.

जुळे_सोलापूरकर

मराठीत मिळतं? हे माहीतच नव्हतं. आत्ताच मेल केली. सोबत विचारलंय की को-पे काढून टाकला आणि रूम 'सिंगल प्रायव्हेट' केली तर हप्ता किती वाढतो.

विमावाले_काका

सम इन्शुअर्ड वाढवून मागणार असाल तर वाढीव भागाला वेटिंग नव्यानं मोजतात, हेही त्याच मेलमध्ये विचारा.

जुळे_सोलापूरकर

दुसरी मेल गेली.